उलट्या टाचेचे मोजे

निवृत्त कारकुनाच्या घरी दोन गोष्टी न मागता साठत जातात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला तरी नेतो. किश्शांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते मी संध्याकाळी कट्ट्यावरच्या मित्रांच्या माथी मारतो. परवा मित्र म्हणाले, "अरे, लिहून काढ सगळं." त्यांना माझ्या लेखनाची ओढ आहे असं मी समजत होतो. नंतर कळलं, लिहिलं की ऐकावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब!

तर ते एकोणीसशे तीसनंतरचे मंदीचे दिवस. सरकारला एकाएकी वाटलं, नाशिक जिल्ह्यात छोटे धंदे उभे राहावेत, लोकांनी नवी यंत्रं घ्यावीत, कारखानदारी वाढावी. वाटलं की सरकार कचेरी उघडतं. आमची उघडली. काम सोपं होतं. नव्या धंदेवाल्याला एखादं यंत्र मुदतीवर द्यायचं, चालवायला शिकवायचं आणि माल बाजारात खपतो का ते बघायचं. खपला तर यंत्र त्याचं. नाही खपला तर यंत्र टांग्यात घालून परत.

माणसं आम्ही चार. बापटसाहेब, हेडक्लार्क तात्या, यंत्रं बसवणारे रहीमभाई मिस्त्री आणि मी, कारकून अण्णा.

कचेरी भद्रकालीत एका तपकिरीच्या वखारीच्या माडीवर होती. खाली तपकीर कुटली जायची आणि वर आम्ही शिंकायचो. शिंक आली की हातातलं काम थांबवायचं, अपशकुन असतो, हा तात्यांचा कडक नियम. जिल्ह्याची कारखानदारी का वाढली नाही, याचं कारण कुणी शोधत असेल तर त्याने तपकिरीपासून सुरुवात करावी.

शिंकत नसत ते फक्त साहेब. एवढ्या वर्षांत एकदाही नाही! सडपातळ बांधा, विलायती सूट, घोट्याच्या वर चढणारे काळे बूट. ते बूट त्यांनी कधी काढलेले कुणी पाहिले नाहीत. कचेरीतल्या सत्यनारायणालासुद्धा दारातूनच नमस्कार. तात्या म्हणत, "विलायतेत शिकलेला माणूस, दुसरं काय!"

भुताखेतांवर साहेबांचा विश्वास नव्हता. कुणी तसलं काही सांगायला लागलं की म्हणायचे, "तसं काही वेगळं नसतं हो."

* * *

साहेबांचा एक ठरलेला प्रश्न असे. अर्ज कुणाचाही असो, वर बघायचे आणि विचारायचे, "यंत्रावर बसणार कोण?" मालक नव्हे, पैसेवाला नव्हे, प्रत्यक्ष बसून काम करणारा माणूस कोण, ते आधी सांगा.

तांबट आळीतला म्हातारा सखाराम भांड्यांना झिलई देण्याचं चाक मागायला आला. साहेबांनी विचारलं.

"माझा थोरला बसंल," सखाराम म्हणाला.

"कुठे आहे तो?"

"गेला, साहेब. मागल्या साली."

"गेला" म्हणजे काय हे आम्हा तिघांना कळलं. साहेबांनी मान डोलावली आणि तात्यांना सांगितलं, "लिहा, मुलगा परगावी."

चाक दिलं. काही दिवसांनी साहेब आणि मी पाहणीला गेलो. दुकानात कुणी नव्हतं. चाक मात्र गरगर फिरत होतं आणि त्यापुढची बैठक रिकामी होती. शेजारी घासूनपुसून लखलखणाऱ्या कळशांची रास. सखाराम मागच्या दारातून हात पुसत आला.

"आत्ताच उठला बघा," तो म्हणाला.

साहेबांनी कळशीवर बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि समाधानाने म्हणाले, "लिहा, मुलगा परत आला."

* * *

पिंपळगावच्या एका बागाईतदाराला द्राक्षं सुकवून बेदाणे करायचे होते. मोकळी, उंच, वाऱ्याची जागा हवी. सगळं गाव पालथं घातलं, तशी जागा एकच निघाली. स्मशानाला लागून!

बेदाणे असे झाले की व्यापारी मूठमूठ खात उभे राहायचे. जागा कुठली ते कळेपर्यंत.

तात्या म्हणाले, "साहेब, या जागेबद्दल अहवालात काय लिहू?"

"आहे ते लिहा. शेजार शांत."

पुढच्या हंगामात बागाईतदार पुन्हा आला. धंदा वाढलाय, जागा अपुरी पडते म्हणाला.

"मग शेजाऱ्यांकडून थोडी घ्या," साहेब म्हणाले.

बागाईतदार हळूच म्हणाला, "साहेब, ते देत नाय. घेत्यात."

त्या दिवशी तात्या लागोपाठ शिंकत होते. एवढा अर्ज मात्र साहेबांनी शिंका थांबायची वाट न बघता नामंजूर केला.

* * *

येवल्याला एका विणकराकडे आम्ही नवा माग बसवला. पैठणी विणणारं जुनं मुसलमान घराणं, विणकराला घरचे सगळे चाचा म्हणत. त्यांचा जुना माग खड्ड्याचा होता. जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसून त्यात पाय सोडतो आणि पायाने माग चालवतो. त्या खड्ड्यात चाचांच्या आजोबांनी जन्म काढला होता. रहीमभाईंनी तो मातीने बुजवला आणि वर नवा, लाकडी चौकटीचा माग उभा केला.

आठवड्यात चाचांचा निरोप आला, "माग ले जाव. पाय धरतो."

रहीमभाई येवल्याला जाऊन आले. आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "अण्णा, मी स्वतः बसून बघितलं. खालून कुणीतरी पाय धरतो. जोरात नाही. मोठा माणूस लहान पोराला 'सरक' म्हणून धरतो ना, तसा."

"मग?"

"मग काय! माग हातभर बाजूला घेतला. बुजवलेल्या जागेवर चटई टाकली. आता चाचा म्हणतात, दोघांचं काम छान चाललंय."

मिस्त्रींना दुसऱ्यांदा येवल्याला का जावं लागलं, याचं कारण प्रवासभत्त्यासाठी वर कळवायचं होतं. तात्या अर्धा दिवस पेन चावत बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, "पहिली जागा आधीपासून व्यापलेली निघाली."

वरून भत्ता मंजूर होऊन आला. शेरा होता: यापुढे जागा रिकामी असल्याची खात्री करावी.

* * *

आता यमुनाबाई. हिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

देवळाली कॅम्पच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं पाव-बिस्किटांचं दुकान होतं. नवरा तापाने गेला. गाळा कॅम्पवाल्यांचा. तिथे धंदा चालू आहे तोवर गाळा बाईकडे, बंद पडला की खाली करायचा. मूलबाळ नाही, माहेर नाही. सिन्नरला दीर होता, त्याला घरात फुकट राबायला माणूस हवंच होतं. तो आठवड्याच्या आठवड्याला येऊन विचारायचा, "वहिनी, कधी बंद करतेस?"

बाई आमच्या कचेरीत आली ती थेट साहेबांपुढे. मोजे विणायचं यंत्र हवं म्हणाली. कॅम्पात एवढे शिपाई, एवढे पाय!

"यंत्रावर बसणार कोण?"

"मी. आन् कोण बसंल?"

"कुणी गेलेलं वगैरे नाही ना?" तात्यांनी घाबरत विचारलं.

"जायचं तर मलाच जावं लागंल, सिन्नरला! त्यापरीस मेलेली बरी. साहेब, तिथं जाऊन भांडी घासत मरायचं नाय मला."

साहेब प्रथमच हसलेले मी पाहिले. यंत्र मंजूर झालं. मुदत हंगामाअखेरपर्यंत. मुदत संपताना साहेब स्वतः येणार, त्यांच्या डोळ्यांसमोर माल खपला पाहिजे. नाहीतर यंत्र परत आणि बाई सिन्नरला.

* * *

हे यंत्र म्हणजे एक गोल डबा. त्याच्या कडेने सुया उभ्या, बाजूला फिरवायचा दांडा. दांडा फिरवत गेलं की मोज्याची नळी खाली उतरते. टाच आली की अर्ध्या सुया वर उचलायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांवर टाच विणायची. कॅम्पातल्या ठेकेदाराची एक अट होती. मोज्याच्या गळ्याशी, बरोबर पुढे, लाल दोऱ्याची खूण हवी.

रहीमभाईंनी शिकवलं. बाई यंत्राच्या एका बाजूला बसलेली, रहीमभाई पलीकडे उभे. म्हणाले, "टाच आली की समोरच्या सुया उचला, बाई."

बाईने समोरच्या उचलल्या. आता गंमत बघा. यंत्राच्या दोन बाजूंना दोन माणसं असली की एकाचं "समोर" ते दुसऱ्याचं "अलीकडे"! रहीमभाई तिला शाबासकी देऊन परत आले. बाईने महिनाभर जीव तोडून मोजे विणले. टोपल्या भरल्या.

ठेकेदाराने पहिला मोजा उचलला, लाल खूण पुढे धरली, आणि पाऊल बघितलं. पाऊल मागे!

"हे कुणाच्या पायात घालू?" तो ओरडला. "माझे शिपाई काय हडळीचे भाऊ आहेत?"

सगळा माल परत.

* * *

बाईने तो माल टाकून दिला नाही. दुकानाच्या दारात टोपलीत मांडला आणि रडायचं आटपून यंत्राशी बसली.

ऐन दुपार. बाजार ओस. उन्हाने कुत्रीसुद्धा आडोशाला गेलेली. एक बाई आली. हिरवं लुगडं, जमिनीवर लोळणारं. तिने टोपलीतला मोजा उचलला, लाल खूण पुढे धरली, पाऊल बघितलं.

यमुनाबाईने आपणहून सांगितलं, "बाई, ते चुकलेले हायेत."

"हे नीट हायेत की!" ती म्हणाली. तिथेच उंबऱ्यावर बसून लुगड्याच्या आड तिने मोजा चढवला. "माप बरोबर हाय. घरी समद्यांना लागत्यात."

टोपली रिकामी करून, रोख देऊन ती गेली.

हे ऐकून तात्या स्वतः देवळालीला गेले. दुपारी दुकानात दबा धरून बसले. ती पुन्हा आली, मोजे घेतले, दुसऱ्या वाटेने गेली. ती वळणाआड होताच तात्या धुळीतली पावलं बघायला धावले आणि तिथून जे निघाले ते टांगा न करता स्टेशनपर्यंत पळत गेले.

कचेरीत येऊन म्हणाले, "साहेब, ती गेली त्या वाटेवर पावलं आहेत. सगळी दुकानाकडे येणारी! जाणारं एकही नाही!"

साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक वाढतंय."

यमुनाबाईला मीही एकदा विचारलं, भीती वाटत नाही का म्हणून. ती दांडा फिरवत म्हणाली, "अण्णा, मी मोजे विकते. पाय ज्याचा त्याचा."

* * *

पुढे रहीमभाईंना त्यांची चूक कळली. त्यांनी कानाला हात लावला, या खेपेला बाईच्या मागे उभे राहिले आणि पुन्हा शिकवलं. सरळ मोजे निघू लागले. ठेकेदाराने माल घेतला. दोन्ही टोपल्या चालू! सरळ पायाचा माल कॅम्पात, उलट्या पायाचा दुपारच्या गिऱ्हाइकाला.

दिराने हे बघितलं. गाळा काही रिकामा होत नाही. मग त्याने ठेकेदाराच्या कानाला लागून सांगितलं की वहिनीच्या दुकानात कोण येतं. ठेकेदार घाबरला तो शिपायांसाठी नव्हे, वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. "कवायतीत 'पुढे चल' म्हटल्यावर पलटण मागे चालली तर माझा ठेका जाईल!" त्याने माल बंद केला.

दीर एवढ्यावर थांबला नाही. एक मांत्रिक आणून गाळ्याच्या दाराशी लिंबू-मिरच्या टांगल्या, उंबऱ्यात खिळे ठोकले, राखेची रेघ मारली. दुपारचं गिऱ्हाईकही यायचं बंद झालं.

तेवढ्यात मुदत संपली.

* * *

आम्ही चौघे देवळालीला गेलो तेव्हा दीर दारात हजर होता. सोबत बैलगाडी आणलेली. बाईचं सामान तीत चढवायचं आणि सिन्नरला न्यायचं, एवढंच बाकी. यमुनाबाई यंत्राशी बसलेली होती. दांडा फिरत होता. पुढे दोन टोपल्या, काठोकाठ भरलेल्या.

"माझ्यासमोर माल खपला पाहिजे," साहेब म्हणाले आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसले.

दुपार गेली. बाजारातली माणसं दुकानासमोर आली की रस्त्याची दुसरी बाजू धरत होती. रहीमभाई म्हणाले, "साहेब, मीच घेतो एक जोड."

"खात्याच्या नोकराची खरेदी धरायची नाही. नियम आहे."

"नियम कोणाचा?"

"माझा."

हिरव्या लुगड्याची बाई आली. पण उंबऱ्यापाशी आली नाही. रस्त्यापलीकडे उभी राहून लिंबाकडे, खिळ्यांकडे, राखेकडे बघत राहिली. यमुनाबाईने हात केला. तिने मान हलवली.

दीर हसला. "बघा साहेब, गिऱ्हाईकसुद्धा उंबरा वलांडत नाय. चल वहिनी, ऊठ."

यमुनाबाईने दांडा सोडला. साहेबांकडे बघून एवढंच म्हणाली, "साहेब, मी बसले होते. तुम्ही बघितलं न्हवं?"

रस्त्यापलीकडच्या बाईकडे साहेबांनी एकदा बघितलं. तिने पदर सारखा केला. गावातली बाई मोठ्या माणसासमोर करते तसा.

मग साहेब उठले. राखेची रेघ बुटाने पुसली. लिंबू खाली ओढून रस्त्यावर फेकलं. रहीमभाईंना म्हणाले, "हे खिळे काढा." खिळे निघाले तसे ते उंबरा ओलांडून आत गेले.

"तात्या, नियम बदलला असं लिहा. आजपासून खात्याच्या नोकरानेही घेतलं तर चालेल."

त्यांनी टोपलीतून एक जोड उचलला. सरळ टोपलीतून नव्हे. दुसऱ्या.

"साहेब, ते चुकलेले..." मी म्हणालो.

त्यांनी लाल खूण पुढे धरली, पाऊल बघितलं आणि मोजे घेऊन आतल्या खोलीत गेले. मधे चादरीचा पडदा. बुटाच्या नाड्या सुटल्याचा आवाज आला. एक बूट जमिनीवर ठेवला गेला, मग दुसरा.

दिराला राहवेना. त्याने पडद्याची कड बोटाने बाजूला केली आणि आत डोकावला.

तो वळला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. आमच्यापैकी कुणाकडे न बघता तो बाहेर पडला आणि सिन्नरच्या वाटेला लागला, पायी! बैलगाडी दारातच राहिली.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. रहीमभाई ओठातल्या ओठात काही पुटपुटत होते. यमुनाबाई पुन्हा यंत्राशी बसली होती आणि दांडा शांतपणे फिरत होता.

नाड्या आवळल्याचा आवाज आला. पडदा सरला. साहेब बाहेर आले, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे चालून बघितलं आणि खिशात हात घातला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "आणखी चार जोड बांधा. घरी सगळ्यांना लागतात."